वर्गात फिल्म दाखवतात, मग शिकवतात कधी?

"मॅडम, सर वर्गात फिल्म लावतात म्हणे. इतकी फी भरून पोरगी पिक्चरच पाहणार का?"

अमळनेर तालुक्यातले, कापूस पिकवणारे वडील विचारत होते. शेजारी अकरावी सायन्सची मुलगी मान खाली घालून बसलेली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दहावीपर्यंत मराठी माध्यम, मार्क उत्तम. अकरावीत पुस्तकं इंग्रजीत आली आणि दिवाळीपर्यंत पोरीची वाचाच बसली. दिवाळीनंतर अशी दोन-चार घरं माझ्याकडे येतातच.

वडिलांना बाहेर चहाला पाठवलं, तेव्हा ती बोलली. वर्गात वाचताना 'आयलंड'ला 'इसलँड' म्हणाली होती. पोरं हसली. "माले समजस मॅडम, पन बोलता येत नही." घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि आता ही तिसरी. म्हणजे इंग्रजीपेक्षा हसण्याचीच धास्ती मोठी होती. लाज आणि भीती वाढली की कानावर पडलेली भाषा आत उतरत नाही, असं स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने १९८०च्या दशकात मांडलं होतं. ते मला त्या दिवशी समोरच दिसत होतं.

तिला इंग्रजीत बोलतं करायला मीही फिल्मच वापरली. पहिली चूक माझीच. मी संवाद असलेली फिल्म सबटायटल्ससह लावली. ती अक्षरांमागे धावत राहिली आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "बंद करा."

पुढच्या वेळी 'पायपर' लावली. २०१६ ची, सहा मिनिटांची, एकही संवाद नसलेली. समुद्रकाठी पाखराचं पिल्लू लाटेत भिजतं आणि मग पाण्याजवळ जायलाच घाबरतं. संवादच नाहीत, म्हणजे चुकीचं ऐकायची सोय नाही! पहिल्यांदा नुसती पाहिली. दुसऱ्यांदा लाट येण्याआधी थांबवून विचारलं, आता काय होणार? ती अहिराणीत म्हणाली, "घाबरस." मग 'अफ्रेड', मग 'रन'. तिसऱ्या पाहण्यात 'बर्ड रन. वॉटर कम.' मी व्याकरण सुधारलं नाही. पुढचं वाक्य बोलताना 'द वॉटर इज कमिंग' सहज म्हणून टाकलं, एवढंच. चौथ्या भेटीत तेच वाक्य तिच्या तोंडून आलं.

वडिलांना सांगितलं, "भाऊ, फिल्म लावून सर वह्या तपासत बसत असतील, तर तुमची तक्रार रास्त आहे. थांबवून पोरांना बोलतं करत असतील, तर ते शिकवणंच आहे. एकदा वर्गाबाहेर उभं राहून बघा." फिजिक्सचे शब्द फिल्ममधून येणार नाहीत, हेही सांगितलं. त्यासाठी वेगळी वही केली, रोज पाच शब्द, अर्थ मराठीत.

परवा ती आली ती स्वतःच्या मोबाईलवर नवी फिल्म घेऊन. लावली, मधेच थांबवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नाऊ यू से, मॅडम."