एका सुट्टीत चार ऑपरेशनं

ताई,

माझं वय ४९. कोल्हापूर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझं नाक पहिल्यापासून बाकदार. डी.एड.ला असताना वर्गातली मुलं मला ‘राघू’ म्हणायची. आता वरच्या पापण्या उतरल्यात, गळ्याखाली कातडी लोंबते. डिसेंबरात आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. पुण्यात एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. तिथल्या मॅडमनी नाक, पापण्या आणि चेहरा-गळा असं पॅकेज सांगितलं, सगळं एकाच भुलीत. दिवाळी ऑफर म्हणून गालातली चरबी काढणं मोफत. एकूण साडेचार लाख. शिक्षक पतसंस्थेतून घरदुरुस्तीच्या नावाने कर्ज काढायचं ठरवलंय. दिवाळीच्या सुट्टीत केलं तर शाळा उघडेपर्यंत सूज उतरते असं त्या म्हणाल्या. ह्यांना काही सांगितलेलं नाही, बहिणीकडे जाते म्हणेन. बहीण दिवसा कामावर असते, रात्री घरी असते. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण बी.पी. आटोक्यात आहे म्हणून क्लिनिकमध्ये बोलले नाही. वीस हजार टोकन भरलंय. एकदाच भूल, एकदाच त्रास, हे बरोबर आहे ना?

– एक शिक्षिका

बाई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एका भुलीत दोन कामं करण्यात मुळात वावगं काही नाही. पापण्या आणि गळा एकत्र करतात. नाक आणि हनुवटीही बरेचदा एकत्र करतात, कारण बाजूने पाहिलं की एकीचा उठाव दुसऱ्यावर अवलंबून असतो. थिएटरचे आणि भूलतज्ज्ञाचे पैसे वाचतात, रजा एकदाच पडते. तेव्हा क्लिनिकच्या मॅडम अगदीच खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही.

पण तुमच्या यादीत चार कामं आहेत, आणि ती एकत्र आली कशी हे मी पत्रात शोधत बसले. नाक तुम्हाला डी.एड.पासून खुपतंय. पापण्या आणि गळा हे अलीकडचं दुखणं. गालांचं तर क्लिनिकची पायरी चढेपर्यंत तुमच्या मनातही नव्हतं. या चौघांना बांधणारी दोरी मला एकच दिसली: थाप एकदाच मारायची आहे. लग्नाच्या मांडवातच धाकट्याची मुंज उरकून घ्यावी, तसं सगळं एका लपवाछपवीत उरकायचं. म्हणजे किती ऑपरेशनं करायची हे तुमच्या थापेने ठरवलंय. आणि ही थाप टिकणारी नाही. बहिणीकडे जाते म्हणून सांगाल हे तुम्ही लिहिलंत, पण परत आल्यावर नवं नाक घेऊन दारात उभ्या राहाल तेव्हा ह्यांना काय सांगणार, त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

आता तास मोजू. नाकाला साधारण दोन ते तीन तास, पापण्यांना एक-दीड, चेहरा-गळ्याला तीन ते पाच, गालांना अर्धा-पाऊण. बेरीज तुम्ही माझ्यापेक्षा चांगली करता: कमीत कमी साडेसहा, जास्तीत जास्त दहाच्या वर. हौसेच्या ऑपरेशनांना बरेच सर्जन सहा तासांच्या आसपास रेघ मारतात, ती उगाच नाही. भुलीचे तास लांबले की पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, शरीराचं तापमान उतरतं. आणि शेवटच्या तासाला टाके घालणारा सर्जन सकाळइतका ताजातवाना नसतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

पहिल्या रात्रीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. नाकावर पट्टी, आतून सुजलेलं, म्हणून श्वास तोंडाने. तोंडात गालांच्या आतल्या बाजूला टाके, म्हणून खाणं पातळच. पापण्या फुगलेल्या, डोळ्यांत मलम, समोरचं धूसर. कानांभोवती आणि हनुवटीखाली बँडेज. पाणी कोण देणार? बाथरूमपर्यंत कोण धरून नेणार? चेहरा-गळ्याच्या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साचणं, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतं. चेहऱ्याची एक बाजू अचानक फुगते, ठणकते, आणि पेशंटला पुन्हा थिएटरात न्यावं लागतं. हे ओळखायला शेजारी जागं माणूस हवं. बहीण सकाळी कामावर गेली की तुम्ही फ्लॅटमध्ये एकट्या.

रक्त साचण्याचा धोका कुणाला जास्त? रक्तदाब असणाऱ्यांना. आणि नेमकं तेच तुम्ही सांगितलं नाहीत! आटोक्यात असो नाहीतर नसो, भूलतज्ज्ञाला ते माहीत पाहिजेच. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, यांतलं काही घेत असलात तर तेही सांगा, यांनी रक्तस्राव वाढू शकतो. काढे-चूर्णंसुद्धा. ‘ते काय, आयुर्वेदिकच आहे’ म्हणून आपण ते औषधांत धरतच नाही.

शाळा उघडेपर्यंत सूज उतरते, हे अर्धसत्य आहे. काळे-निळे डाग साधारण दोन आठवड्यांत जातात, ठळक सूजही ओसरते. पण नाकाच्या शेंड्याची सूज पुरती जायला वर्षभर लागू शकतं, म्हणूनच बिघडलेलं नाक पुन्हा करायचं तर सर्जन साधारण वर्षभर थांबायला सांगतात. तेव्हा डिसेंबरात बॅचच्या लोकांना दिसेल ते तुमचं नाक पुरतं तयार झालेलं नसेल. आणखी एक गोष्ट. तुम्ही चष्मा वापरता का ते लिहिलेलं नाही, पण ४९ व्या वर्षी वह्या तपासायच्या तर बहुधा असेलच. नाकाचं हाड कापून बसवलं असेल तर चार ते सहा आठवडे चष्म्याचं ओझं नाकावर टाकता येत नाही. काही पेशंट तो चिकटपट्टीने कपाळाला लटकवतात. अशा अवतारात चौथीच्या वर्गात शिरा आणि झाकली मूठ किती मिनिटं टिकते ते बघा. मधल्या सुट्टीपर्यंत गावभर होईल. शिवाय पतसंस्थेचं कर्ज म्हणजे जामीनदार आले, ते तुमच्याच स्टाफरूममधले. घरदुरुस्ती म्हणाल तर सिमेंट कुठून घेतलंत तेही विचारतील.

नाकाची लाज वाटायचं मात्र काही कारण नाही. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, हे तुम्ही मुलांना सांगत असाल. त्याहून जवळची गोष्ट पुण्याची. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून तिकडच्या सर्जनांनी ही रीत उचलली. त्या हकिकतीतला मला आवडणारा तपशील म्हणजे कपाळाकडून नाकाला रक्त पुरवणारी कातडीची पट्टी लगेच तोडत नसत, ती २५ व्या दिवसाच्या सुमारास कापत. ज्याचं नाकच गेलेलं होतं, त्यालासुद्धा दुसऱ्या बैठकीची वाट पाहावी लागली. तुम्हाला तर तेवढीही निकड नाही.

आता यादी घेऊ.

गाल आजच खोडा. ती चरबी एकदा काढली की तशी परत मिळत नाही, आणि वय वाढतं तसे गाल आपोआपच बसतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मोफत मिळतंय म्हणून ती काढून घेणं मला तरी सौदा वाटत नाही.

पापण्यांसाठी आधी क्लिनिकमध्ये जायचंच नाही, नेत्रतज्ज्ञाकडे जा. पापणी बुबुळावर उतरून वरचं दिसणं कमी झालंय का, डोळे कोरडे पडतात का, हे ते तपासतील. कोरडेपणा असेल तर या ऑपरेशनने तो वाढू शकतो. नुसत्या वरच्या पापण्या बऱ्याचदा जागेवरच्या भुलीत होतात, पूर्ण भूल लागत नाही. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्हाला थकल्यासारखं दाखवणारी गोष्ट हीच असावी, आणि कदाचित हिच्यावरच तुमचं भागेल. नाही भागलं तर गळा नंतर करता येतो. दोन्ही एकत्रच करायचं ठरलं तर त्यालाही माझी हरकत नाही, तासांचं गणित बसतं.

नाक मे महिन्यापर्यंत राहू द्या. उन्हाळ्याची सुट्टी मोठी असते आणि डोक्यावर गेट-टुगेदर नसेल. तोवर मोबाइलच्या सेल्फीत नाक बघणं बंद करा. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवलंय की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून बाजूने फोटो काढायला सांगा आणि तो सर्जनला दाखवा.

सर्जन कोण, हेही तुमच्या पत्रात नाही. सगळं ‘मॅडम’च बोलल्या. मॅडम पॅकेज विकतात, सुरी दुसऱ्याच्या हातात असते. त्या माणसाकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थिएटरात असणार का, रात्री काही झालं तर आय.सी.यू. कुठलं, हे विचारा. संमतीपत्रावर जेवढं ठरलंय तेवढंच नाव घालून लिहून घ्या. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलंय की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, जीव वाचवण्याची वेळ आली तरच अपवाद. त्या बाईंचं तपासणीसाठी म्हणून भूल दिलेल्या अवस्थेत गर्भाशय काढलं होतं, आणि संमती बाहेर बसलेल्या आईची घेतली होती. तेव्हा ‘टेबलावर आहातच तर’ या वाक्याला जागा ठेवू नका.

राहता राहिले हे. कायद्याने त्यांची सही लागत नाही, तुम्ही सज्ञान आहात, चेहरा तुमचा आहे. मी त्यांची परवानगी घ्या असं म्हणत नाही, त्यांना सांगा म्हणतेय. ‘या वयात?’ असं ते म्हणतील, तुम्हाला भीती बहुधा त्याच वाक्याची असणार. म्हणू देत. दोन दिवस घरात धुसफूस होईल, ती कातडीखाली रक्त साचण्यापेक्षा बरी. रविवारी चहाच्या वेळी पापण्यांपासून सुरुवात करा: ‘वरचं नीट दिसत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, चला बरोबर.’ राघूची गोष्ट त्यांना कधी सांगितली आहेत का? मला वाटतं, नाही. तीही सांगा.

गेट-टुगेदरला जरूर जा. ज्यांनी राघू म्हटलं, त्यांची पोटं आणि टकलं आता बघण्यासारखी झाली असतील.

कर्जाचा अर्ज अजून दिला नसेल तर देऊ नका. या खर्चाला आरोग्य विमाही मिळत नाही, मग हप्ते पगारातूनच कापले जाणार. टोकन परत मागा, पण फोनवर नको, मॅडम गोड बोलून तारीख पुढची देतील. ईमेल करा किंवा पोच घेऊन पत्र द्या, त्यात पैसे भरल्याची तारीख आणि पावतीचा नंबर घाला, पंधरा दिवसांची मुदत द्या. पावतीच्या मागे बारीक अक्षरात काय अटी छापल्यात ते आधी वाचून काढा. टाळाटाळ झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील केलाच पाहिजे असं नाही.