अशिलाने मान डोलावली म्हणजे

नगरच्या कोर्टात चार वर्षं प्रॅक्टिस केलेल्या एका वकील मुलीने विचारलंय : "नवऱ्याची बदली इंग्लंडला होतेय. मला तिथे सॉलिसिटर व्हायचंय. परीक्षेचं कळलं, पण देशोदेशीचे अशील कसे सांभाळायचे? आणि तिथे एकटं वाटतं का?"

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझी वकिलीची सनद 2004 ची, आता इथे इंग्लंडात सॉलिसिटर आहे. परीक्षेचं मी काही सांगत नाही. आमच्या वेळी बाहेरच्या वकिलांसाठी क्यूएलटीएस ही परीक्षा होती, 2021 पासून एसक्यूई आली, बाकी सगळं एसआरएच्या, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या इथल्या संस्थेच्या, साइटवर आहे.

पहिली डोकेदुखी नावाची. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मी, मग बाबा. पासपोर्टवर मी, नवरा आणि सासरचं आडनाव. सनद पुन्हा माहेरच्या नावाची. इथल्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर अगदी शांतपणे विचारलं, "यातल्या तुम्ही कोण?" पाच महिने गेले त्यात. ट्रान्सक्रिप्टसाठी माझ्या भावाने विद्यापीठात चार खेपा घातल्या. चारही वेळा साहेब जेवायला गेलेले. अजून आठवलं की डोकं तापतं. एक फायदा मात्र झाला. लेस्टरमध्ये माझ्याकडे पहिलं सोमाली कुटुंब आलं तेव्हा नवरा, बायको, मुलगा, तिघांची शेवटची नावं वेगळी बघून माझा सहकारी गडबडला. मी नाही गडबडले. त्यांच्यात आडनाव नसतंच. आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं. लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही. मला तर हेवाच वाटला.

त्याच कुटुंबाला घर घ्यायचं होतं. डिपॉझिटचे पैसे कुठून आले हे इथे सॉलिसिटरला तपासावंच लागतं. त्या बाईच्या खात्यात एकदम मोठी रक्कम जमा झालेली, आणि ती सांगतेय "हगबद". सहकाऱ्याच्या कपाळाला आठ्या. मी विचारलं, किती जणी? दर महिन्याला किती? नंबर कसा लावता? म्हणजे भिशीच की! माझ्या आईने बावीस वर्षं चालवली. मग बाईकडून वही मागवली, बाकीच्या जणींची पत्रं घेतली, प्रत्येकीच्या हप्त्याची बँकेतली नोंद जुळवली. काम झालं. सहकारी हुशारच होता, पण त्याच्या आईने भिशी चालवली नव्हती.

दुभाष्याच्या बाबतीत कंजुषी करू नकोस. नातेवाईक नको, आणि अशिलाचं पोर तर मुळीच नको. आईला मारहाण झाली हे दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदवून घ्यायचं का? कुर्दी दुभाष्या मागवलास तर सोरानी की कुरमांजी, कुर्दीची कुठली बोली, हे आधी विचार. आणि वेळ, तारीख नेहमी दोनदा विचार. एका इथिओपियन माणसाने जबानीत सांगितलं, रात्री दोनला दार वाजलं. शेजाऱ्याच्या पत्रात रात्रीचे आठ. आता हा खोटा ठरणार म्हणून मी घाबरले. त्यांच्याकडे तास सहापासून मोजतात. त्यांचे रात्रीचे दोन म्हणजे आपले आठच. त्यांच्या वर्षाला महिने तेरा आणि सालही आपल्यापेक्षा सात-आठने मागे. हे मला दुभाष्याने चहा पिता पिता सांगितलं, जबानीवर सही होण्याच्या आदल्या दिवशी.

आता मान डोलावण्याचं. आपल्याकडे अशील म्हणतो, "वकीलसाहेब, तुम्ही म्हणाल तसं," आणि आपण पुढची तारीख घेतो. इथे निर्णय अशिलाचा, तोही लेखी. पण लेखी दिलं म्हणून कळलं असं नसतं. हे मला माझ्या मुलीच्या शाळेत उमगलं. तिला इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या गटात बसवलं होतं. पोरगी पहिलीपासून इंग्रजी शाळेतली, घरी माझ्या इंग्रजीच्या चुका काढणारी. मी जाब विचारायला गेले. बाई गोड हसल्या, एक तक्ता दाखवला, भरभर काहीतरी बोलल्या. अकरा वर्षं उलटतपासणी घेतलेली मी दोनदा मान हलवून "थँक यू" म्हणून बाहेर आले. पोरगी वर्षभर त्या गटात राहिली. आता ती कॉलेजात आहे, विसरली. मी नाही विसरले. तेव्हापासून अशिलाला "कळलं का?" असं विचारायचं मी सोडलं. "घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगशील, ते मला सांग," म्हणते. दहातले सहा भलतंच सांगतात.

एवढं सगळं येत असूनही मी तोंडावर आपटले ती आपल्याच माणसापाशी. ओळख पटू नये म्हणून थोडं फिरवून सांगते. सांगलीकडची मुलगी, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. मी मराठी बोलते कळल्यावर तिचा चेहरा उजळला. पंधरा मिनिटं आम्ही कुरड्यांवर बोललो. मग म्हणाली, "तसं काही नाही हो ताई, पगार त्यांच्याच खात्यात जातो. फोन रात्री बघतात. आईशी बोलताना स्पीकर लावायला लावतात." आणि मी, कुटुंब कायद्याची वकील, हसून म्हणाले, "अगं, सुरुवातीला असतात असे." 2015 पासून इथे या वागण्याला कायद्यात गुन्हा म्हणून नाव आहे. पोलिश बाईने हेच सांगितलं असतं तर मी ताबडतोब पेन उचललं असतं. मराठीत ऐकलं आणि मला ते घरचंच वाटलं. कदाचित माझ्याही घरात बरीच वर्षं पगाराचं तसंच होतं, म्हणून. हे लिहीन असं वाटलं नव्हतं.

ती परत आली नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या फर्मचं पत्र आलं, फाइल पाठवा म्हणून. तिथल्या सॉलिसिटरबाई नायजेरियन. सोबत मुलीचं संमतिपत्र होतं. सही मराठीत, माहेरच्या आडनावाने.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो तेव्हा जास्त. जीवनसत्त्व ड घे आणि कामाला लाग.

आणि तुझी मार्कशीट, सनद, पासपोर्ट तिन्ही आत्ता टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघ. नाव वेगळं असेल तर नावबदल राजपत्रात छापून घ्यायचं काम तिथे असतानाच उरक. भावाला खेपा घालायला लावू नकोस.