परदेशात नोटा बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही उभयता गेल्या हिवाळ्यात थायलंडला जाऊन आलो. डॉलर नाशिकमध्येच घेतले होते. बँकॉकमध्ये शंभर डॉलरच्या एका नोटेवर बारीकसा शिक्का आहे म्हणून ती नाकारण्यात आली, तर दहा-वीसच्या नोटांना शंभराच्या नोटेपेक्षा कमी दर मिळाला. उरलेले बाथ (थायलंडचे चलन) परत आल्यावर विकले, तेव्हा इतके थोडे रुपये हाती आले की आपली फसवणूक झाली असे वाटते. पुढच्या वेळी काय करावे?
– एक सेवानिवृत्त वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपली हळहळ रास्त आहे. आपल्या बाबतीत जे घडले ती या व्यवसायाची नेहमीची रीत आहे. मात्र डॉलर विकताना ती ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही, ही गोष्ट मला गैर वाटते.

फाटकी नोट बँकेत बदलून मिळते, याची आपल्याला सवय असते, कारण रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांनुसार ती जबाबदारी भारतातील बँकांवर आहे. आपल्या नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमधून बाहेर पडलेली नोट कितीही हाताळली गेली, तरी तिचा वाली देशातच असतो. बँकॉकमधील चलन विनिमय केंद्रावर डॉलरच्या बाबतीत अशी कोणतीही जबाबदारी नसते. त्याला त्या नोटा पुढे एखाद्या बँकेला किंवा घाऊक व्यापाऱ्याला विकायच्या असतात, आणि तेथे डागाळलेली नोट परत येण्याची भीती असते. शंभराची एक नोट आणि दहाच्या दहा नोटा यांचे मूल्य सारखे असले, तरी मोजणे, तपासणे आणि वाहून नेणे यांचा खर्च दहापट नोटांना अधिक येतो, म्हणून लहान नोटांना दर कमी मिळतो. अमेरिकेत १८६१ पासूनची प्रत्येक सरकारी नोट आजही वैध आहे. तरीही २०१३ मध्ये निळी पट्टी असलेली शंभराची नोट आल्यापासून अनेक देशांतील केंद्रे त्याआधीच्या नोटा घेण्यास कुरकुर करतात. म्हणून नाशिकमध्ये डॉलर घेतानाच प्रत्येक नोट उजेडात पाहावी, आणि शिक्का, शाईची रेघ किंवा चीर दिसल्यास तेथेच बदलून मागावी. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी संकोच करू नये.

खरे नुकसान मात्र खरेदी आणि विक्री यांच्या दरांमधील फरकात होते. ‘कमिशन नाही’ ही पाटी पुष्कळ ठिकाणी दिसते, पण केंद्राची कमाई या फरकातूनच होत असते. समजा, बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे; केंद्र तो आपल्याला ९१.५० ला विकते आणि आपल्याकडून ८८.५० ला घेते. पाचशे डॉलर नेऊन एकही खर्च न करता परत आणले, तरी दीड हजार रुपये गेले. आपण तर रुपयांचे डॉलर, डॉलरचे बाथ आणि बाथचे पुन्हा रुपये केले, म्हणजे हा फरक तीनदा सोसला. त्यातही बाथला नाशिकमध्ये गिऱ्हाईक कमी, त्यामुळे तेथे फरक आणखी रुंद होता. शिवाय भारतात प्रत्येक व्यवहारावर थोडा वस्तू व सेवा कर लागतो, तो वेगळाच. म्हणून केंद्राला दर विचारू नये. सर्व आकार धरून नेमके किती रुपये द्यायचे आणि हातात किती मिळणार, एवढेच विचारावे आणि दोन-तीन ठिकाणी ताडून पाहावे.

पुढच्या वेळी रोख थोडी, बाकी रक्कम फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधीच भरून ठेवलेल्या कार्डावर), अशी विभागणी करावी. विमानतळावर टॅक्सीपुरतेच पैसे बदलावेत, कारण तेथील दर बहुधा शहरापेक्षा वाईट असतो. थायलंडमधील एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाथहून अधिक शुल्क घेतात, तेव्हा पुन्हा पुन्हा किरकोळ रक्कम काढणे महागात पडते. दुकानातील यंत्राने रुपयांत पैसे देण्याचा पर्याय दाखवला, तर तो नाकारून स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात दर यंत्रवाल्याचा असतो.

प्रश्न : किती डॉलर रोख नेता येतात, आणि उरलेले घरी ठेवता येतात का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात; बाकीची रक्कम कार्डावर न्यावी. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचे परकीय चलन घेताना रोख रुपये चालत नाहीत, खात्यातून पैसे द्यावे लागतात. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक असल्यास १८० दिवसांच्या आत परत कराव्यात. पावती जपून ठेवावी.

प्रश्न : लंडनहून आणलेल्या वीस पौंडांच्या कागदी नोटा कोणीच घेत नाही. त्या वाया गेल्या का?
– एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर : वाया गेलेल्या नाहीत. वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून बाद झाल्या, म्हणून येथील केंद्रे त्या घेणार नाहीत. परंतु बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कायम बदलून देते. लंडनला जाणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे त्या द्याव्यात. थ्रेडनीडल स्ट्रीटवरील बँकेच्या खिडकीवर त्या बदलून मिळतात. जाताना ओळखपत्र जवळ असू द्यावे.