वालचंद शेठनी विमान कारखान्यात नुसते पैसेच घातले का?

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही विचारलंत. तुमचा प्रश्न असा की, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कारखान्यात (आजचं एचएएल) उद्योगपती वालचंद हिराचंदांनी पैसे घातले आणि दीड वर्षाच्या आत हिस्सा विकला, मग त्यांना विमान उद्योगाचे जनक का म्हणायचं? मी बरीच वर्षं या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी सोलापूरचा माणूस बघा. 1882 चा जन्म, घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार. त्यात मन रमेना म्हणून लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी केली. फाटक रेल्वेतले कारकून. कामाची माहिती त्यांची, भांडवल शेठचं. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या ठेक्यापासून सुरुवात झाली आणि पुढे भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल गेली. कर्जत सोडल्यावर गाडी बोगद्यात शिरली की मला अजून हे दोघे आठवतात. ठेकेदारीत पैसे असून भागत नाही. जागा, माल, माणसं आणि बिल चुकतं करणारा मालक, हे सगळं एकाच वेळी जुळवावं लागतं. माझ्या मते विमान कारखाना उभा राहिला तो याच सवयीवर.

1939 साली ते अमेरिकेत गेले होते ते मोटारींच्या कारखान्यासाठी. परतताना पॅसिफिकवरच्या क्लिपर विमानात विल्यम पॉली भेटले. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. दुसरा एखादा शेठ गप्पा मारून, कार्ड घेऊन उतरला असता. वालचंदांनी त्या भेटीतून आख्खी योजना उभी केली. यंत्रं आणि तज्ज्ञ पॉलींकडून, गिऱ्हाईक दिल्लीचं सरकार, आणि जागा म्हैसूर संस्थानची. तिथे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. बंगळुरूला वीज होती, भद्रावतीचं पोलाद जवळ होतं आणि समुद्र लांब होता. युद्धाच्या दिवसांत समुद्र लांब असणं ही फार मोठी गोष्ट. 23 डिसेंबर 1940 ला कंपनी नोंदली गेली. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला उभारता येईल अशी कमाल रक्कम, 4 कोटी, पण प्रत्यक्ष भरलेलं फक्त 40 लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: रोकड थोडी, जुळवाजुळव प्रचंड. 1941 मध्ये केंद्र सरकारही एक तृतीयांश भागीदार झालं, आणि त्याच वर्षी हार्लो जातीचं पहिलं शिकाऊ (वैमानिकांना शिकवण्यासाठीचं) विमान बंगळुरूत जोडून उडवलं गेलं.

आता हिस्सा विकण्याबद्दल. 'विकून मोकळे झाले' हा शब्दप्रयोग मला मनापासून खटकतो. 1942 च्या सुरुवातीला सिंगापूर पडलं, रंगून पडलं. सरकारला कारखाना पूर्ण आपल्या ताब्यात हवा होता. 2 एप्रिलला राष्ट्रीयीकरण जाहीर झालं आणि वालचंद व इतर प्रवर्तकांचे हिस्से सरकारने घेतले. म्हैसूर संस्थानही भागीदार होतं; त्याने आपला हिस्सा विकायला नकार दिला, कारभार मात्र सोडला. संस्थान होतं म्हणून त्यांना तेवढं तरी जमलं. एका खाजगी व्यापाऱ्याने युद्धकाळात काय करायचं होतं? लढाऊ विमानाला गिऱ्हाईक एकच, सरकार. तेच गिऱ्हाईक भागीदार झालं आणि उद्या म्हणालं की सगळंच आमचं, तर दाद कुणाकडे मागणार? या योजनेतला कच्चा दुवा हाच होता. तो वालचंदांना दिसला नसेल असं मला वाटत नाही. पण सरकारला बरोबर घेतल्याशिवाय कारखाना उभाच राहिला नसता.

कारखान्याचं तंत्रज्ञान अमेरिकेचं होतं, मग यात आपलं काय, असंही तुम्ही विचारलंय. कारखान्यात अगदी सुरुवातीला, 1940 सालीच, एक मराठी इंजिनिअर रुजू झाला: विष्णू माधव घाटगे. गडहिंग्लज भागातले. जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्राचे (हवेच्या प्रवाहाच्या शास्त्राचे) नामवंत शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी रचना केलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. तोवर शेठ आजारपणामुळे व्यवसायातून निवृत्त झाले होते. 8 एप्रिल 1953 ला ते गेले.

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात शेठच्या फोटोशेजारी घाटग्यांचा फोटो जरूर लावा. आणि जमलं तर फाटकांचाही.