विश्वासात आनंद करायला पवित्र शास्त्रातील स्त्रियांकडून कसे शिकावे?

तुम्ही लिहिले आहे की, उपासनेत ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन ऐकले की तुमच्या मनावर दडपण येते, कारण तसा आनंद आतून वाटत नाही. आणि पवित्र शास्त्रातील स्त्रियांना तो कसा साधला, असे तुम्ही विचारले आहे. मी मुंबईतील एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले आणि आमच्या महिला मंडळात हा प्रश्न अनेकींच्या तोंडून ऐकला आहे. माझ्या मते या स्त्रियांचा आनंद मागणी पुरी होण्याची वाट पाहत नाही. मनातले दुःख देवापुढे ओतून झाले की तो सुरू होतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते हन्नाच्या कथेत (1 शमुवेल 1). तिला मूल नव्हते, सवत पनिन्ना तिला वर्षानुवर्षे डिवचत असे, आणि नवरा एलकाना ‘मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का?’ असे विचारून समजूत घाली. (यावर तिने काही उत्तर दिल्याची नोंद नाही, आणि ते मला अगदी समजू शकते.) शिलो येथील परमेश्वराच्या मंदिरात ती रडत, नुसते ओठ हलवत प्रार्थना करू लागली, तेव्हा एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. आपण प्यालो नसून परमेश्वरापुढे मन मोकळे करीत आहोत, असे तिने त्याला ठामपणे सांगितले. त्याने तिला आशीर्वाद दिला, तिने जाऊन अन्न खाल्ले आणि त्यानंतर तिचा चेहरा उदास राहिला नाही, असे अठराव्या वचनात लिहिले आहे. या क्षणी तिला दिवस गेलेले नाहीत आणि पनिन्ना घरात आहेच. बांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे बाळ वाहून मूल मागणाऱ्या स्त्रिया येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेल्याही असतात. आमच्या मंडळीत ती चाल नाही, पण त्या रांगेतल्या स्त्रीला हन्ना समजावून सांगावी लागणार नाही. मात्र हन्नाचे स्तुतिगीत आपण ज्या ठिकाणी अपेक्षू तेथे येत नाही: पुढे तिला शमुवेल हा मुलगा झाला तेव्हा नव्हे, तर दूध तुटलेल्या त्या मुलाला शिलो येथे देवाच्या सेवेसाठी ठेवताना ती ते गाते.

येशूची आई मरीया हिचे गीत (लूक 1) याच गीताच्या वळणाने जाते. भुकेलेले तृप्त होतात आणि बलवान खाली येतात, हे दोन्हींत आहे. पण येशूच्या जन्माची वार्ता सांगणाऱ्या देवदूतासमोर मरीया गात नाही, तेथे ती केवळ होकार देते. मग ती घाईने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे जाते, आणि त्या वयस्क नातलगाने तिला धन्य म्हटल्यावरच तिच्या तोंडून गीत बाहेर पडते.

ज्या वचनाचे तुम्हाला दडपण येते ते प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिले. ते फिलिप्पै 4:4 आहे. त्याच्या दोनच वचने आधी, युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांनी एकचित्त व्हावे, अशी विनवणी तो करतो. म्हणजे ज्या मंडळीत दोन सहकारिणींचे पटत नव्हते, तिलाच तो आनंद करायला सांगत होता. उपदेशात हे वचन एकटेच उचलले जाते, याची मला खंत वाटते.

आणि एवढेही जमत नसेल, तर रूथची सासू नामी आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतल्यावर, मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले, असे ती गावच्या बायकांना उघड सांगते; तिला कोणी दटावत नाही. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी तिचा मुलगा ओबेद जन्मतो, तेव्हा परमेश्वराची स्तुती त्याच गावच्या बायका करतात. नामी बाळाला उराशी घेते, पण तिच्या तोंडी एकही शब्द नाही. तुमच्या भागातल्या घरगुती प्रार्थनासभेत, जिच्यासमोर आनंदी दिसण्याची सक्ती वाटणार नाही अशी एखादी भगिनी आधी शोधा, आणि तिच्यासोबत 1 शमुवेलचा पहिला अध्याय वाचायला घ्या.