वाचकांचे प्रश्न: काउन्सेलरने आईला सगळं सांगितलं, आता काय?

प्रश्न: ताई, मी 24 वर्षांची आहे, जॉब करते, सांगलीत आईबाबांकडेच राहते. लग्नाला नाही म्हणतेय म्हणून आईनेच एका काउन्सेलरकडे नेलं. आधी नको वाटलं, पण मग मोकळं बोलायला लागले, कॉलेजमधल्या रिलेशनशिपबद्दलही बोलले. नंतर आईने तेच सगळं मला घरी ऐकवलं, मॅडमनी तिला फोन करून सांगितलेलं. विचारलं तर म्हणाल्या, फी आई भरतेय, तिला कळायला नको का? असं असतं का? मध्येच सोडलं तर चालेल?

उत्तर: नाही गं, असं नसतं. फी कोण भरतं याचा आणि तुझं बोलणं कोणाला कळावं याचा काडीचा संबंध नाही. तू सज्ञान आहेस, खुर्चीत तू बसलीस, म्हणजे क्लायंट तू. आई नाही.

तुझं पत्र वाचून मला डोराच आठवली. 1900 सालचं व्हिएन्ना, 18 वर्षांची मुलगी, वडिलांनी तिला फ्रॉइडकडे (मनोविश्लेषण ही बोलून उपचार करायची पद्धत काढणारा डॉक्टर) आणून बसवलं, हिला जरा ताळ्यावर आणा असा एकंदर सूर. पोरीचं म्हणणं काय, तर वडिलांचा मित्र माझ्या अंगचटीला येतो, आणि वडिलांचं त्याच्याच बायकोशी सूत जुळलंय म्हणून ते काणाडोळा करतायत. फ्रॉइडने तिला खोटारडी ठरवलं नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं, पण तुला मनातून तो माणूस आवडतोच हे तिच्या गळी उतरवायच्या मागे लागला. तिने 11 आठवडे ऐकून घेतलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी सांगून टाकलं, आता मी येणार नाही. पुढे 1905 मध्ये त्याने तिची केस छापली, नाव बदललं पण परवानगी काही घेतली नाही. मला विचारशील तर त्या सगळ्या प्रकरणात शहाणी तीच होती. तेव्हा मध्येच सोडायला तुलाही कोणाची परवानगी लागत नाही, पुढचं सेशन नको एवढा मेसेज पुरे, कारणसुद्धा द्यायला नको.

कायद्याचं म्हणशील तर आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, 2018 पासून लागू झालाय. त्याच्या कलम 23 मध्ये उपचार करणाऱ्याने माहिती गुप्त ठेवायची हे स्पष्ट लिहिलंय आणि कलम 25 प्रमाणे आपलं रेकॉर्ड मागता येतं. आता हा कायदा मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल बोलतो आणि लग्नाला नाही म्हणणं हा काही आजार नव्हे (हे आईलाही वाचून दाखव), पण गुप्तता ही या व्यवसायाची मूळ नीतीच आहे, आजार असो नसो.

अपवाद आहेत, नाही असं नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तर बोलावं लागतं, आणि तेही गरजेपुरतंच. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बंगालहून शिकायला गेलेल्या प्रोसेनजित पोद्दारने 1969 मध्ये थेरपिस्टला सांगितलं होतं की मी एका मुलीला मारणार, थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला पकडून सोडून दिलं, पण त्या मुलीला, तातियाना तारासॉफला, कोणीच काही सांगितलं नाही आणि तिचा खून झाला. तिच्या आईवडिलांच्या केसमध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने 1976 मध्ये सांगितलं की अशा वेळी ज्याला धोका आहे त्याला वाचवायची जबाबदारी थेरपिस्टवर येते. तुझं जुनं रिलेशनशिप यात कुठे बसतं ते तूच सांग.

दुसरीकडे गेलीस तर पहिल्याच दिवशी विचारून घे: घरच्यांशी बोलणार का, नोट्स कुठे ठेवता, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठ थेरपिस्टशी चर्चा करताना, माझी केस मांडणार का. या प्रश्नांवर जो चिडेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचंच नाही.

प्रश्न: मुलासाठी काउन्सेलर शोधतोय. एकाच्या बोर्डवर नुसतं 'मानसतज्ज्ञ' लिहिलंय. शिक्षण विचारलं तर वाईट दिसेल का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर: वाईट कसलं, विचाराच. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्यांऐवजी थेरपीने उपचार करणारा, असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, नंबर मागा, खरा असेल तर देतील. घोळ आहे तो नुसत्या 'काउन्सेलर'चा, कोणी एमए सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं ट्रेनिंग घेतलेलं असतं तर कोणी वीकेंडचा कोर्स करून बोर्ड लावलेला असतो. 2021 च्या एका केंद्रीय कायद्यात समुपदेशकही घेतलेत, पण तो जमिनीवर उतरायला वेळ लागतोय, तोवर चौकशी आपणच करायची. आणि दहा सेशनचं पॅकेज आधीच घेऊ नका बरं.

प्रश्न: आमच्या वेळी ही थेरपी वगैरे थेरं नव्हती. सगळं परदेशी फॅड. (एक आजोबा, पुणे)

उत्तर: आजोबा, तुमच्या वेळी होती हो! कोलकात्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. ते फ्रॉइडशी पत्रातून वाद घालायचे, तुमचा सिद्धांत आमच्या पेशंटना जसाच्या तसा लागू होत नाही असं त्यालाच कळवायचे. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला या मंडळींनी हस्तिदंती विष्णूची मूर्ती पाठवली, ती त्याने टेबलावर ठेवली होती.

प्रश्न: भावाला शॉक द्यायचे म्हणतात. भूल न देता देतात का?

उत्तर: नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला 2017 च्या कायद्याने सरळ बंदी आहे, कलम 95. भाऊ अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आधी परवानगी, दोन्ही लागतात. डॉक्टरांना शॉक का, किती, नंतर विसरायला होईल का, हे सगळं विचारा, आणि शक्य असेल तर भावाला शेजारी बसवूनच विचारा.