एअर रायफलसाठी हलका लाकडी दस्ता घरी बनवता येईल का?

आपण विचारले आहे की, आपली तेरा वर्षांची मुलगी दहा मीटर एअर रायफलचा सराव करते, घरची स्प्रिंगची रायफल साडेतीन किलोच्या आसपास भरते आणि ती तिला पेलत नाही. तर मूळ दस्ता, म्हणजे हातात धरायचा आणि खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, काढून घरीच हलका लाकडी दस्ता बनवता येईल का, आणि त्यासाठी कोणते लाकूड घ्यावे. बनवता येतो. मी आजवर दोन बनवले. पहिला फसला आणि दुसऱ्यावर माझी नात अजून सराव करते. मी बंदुकांचा कारागीर नाही. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने घडवणे हे माझे आयुष्यभराचे काम होते, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्याच नजरेतून लिहितो आहे.

आधी कायद्याचा मुद्दा संपवतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ बोअरपर्यंतच्या (म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास ०.१७७ इंचापर्यंत असलेल्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे तिचा दस्ता घरी बदलण्यास अडचण नाही. परवान्याच्या बंदुकीचे काम मात्र परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे. माझे उत्तर एअर रायफलपुरतेच आहे.

आता वजनाचा हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय लाकूड घेणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे. साध्या घडणीच्या दस्त्यात साधारण २००० घनसेंटीमीटर लाकूड असते. शिसवीचा दस्ता केला तर तो सुमारे १ किलो ६०० ग्रॅम भरेल, सागवानाचा १ किलो ३०० ग्रॅम आणि शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा १ किलो. आमच्या रायफलचा मूळ दस्ता १४०० ग्रॅमचा होता. यावरून आपल्या लक्षात येईल की रायफलच्या एकूण वजनात दस्त्याचा वाटा निम्म्याहून कमी असतो, आणि लाकूड कितीही हलके घेतले तरी तीनचारशे ग्रॅमांपलीकडे फारसा फरक पडत नाही. उभे राहून नेम धरणाऱ्या मुलीच्या डाव्या हाताला मात्र तेवढे चारशे ग्रॅमही चांगलेच जाणवतात.

त्याच वेळी हेही सांगतो की वजन कमी करण्याच्या नादाला फार लागू नये. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटर एअर रायफलच्या वजनाला ५.५ किलोची वरची मर्यादा आहे, आणि अनुभवी नेमबाज मुद्दाम वजने लावून त्या मर्यादेच्या जवळ जातात, कारण जड रायफल कमी थरथरते. शिवाय आपली रायफल स्प्रिंगची आहे. तिच्या पोटातला जड पिस्टन छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच हलतो आणि रायफलला मागे-पुढे झटका देतो. रायफल जितकी हलकी, तितका तो झटका मोठा. म्हणून एकूण वजन तीन किलोच्या खाली नेऊ नये, असे माझे मत आहे. हवा भरलेल्या टाकीवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलला हा त्रास जवळजवळ नसतो, पण तिची किंमत पाहता मुलीचा हात बसेपर्यंत थांबलेले बरे.

लाकडासाठी आपल्याला नागपूरच्या लकडगंजच्या बाहेर जाण्याची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान तिथे मिळतेच, आणि विचारले तर शिवणीच्या फळ्याही मिळतात. शिवण हलकी, स्थिर आणि पटाशीला गोड असते, पण सागवानाइतकी चिवट नसते. यावर मी मधला मार्ग काढला: मधे १४ मिलिमीटरची सागाची फळी आणि दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरच्या शिवणीच्या फळ्या, अशी ५० मिलिमीटर जाडीची जोडफळी चिकटवली. साग कणा झाला आणि शिवण मांस. चिकटवण्यासाठी इपॉक्सी वापरावे. नेहमीचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात, हळूहळू सरकतो. फळीची लांबी ८० आणि रुंदी १६ सेंटीमीटर पुरते. गाठ असलेली फळी दुकानदाराने फुकट दिली तरी घेऊ नये.

पहिला दस्ता का फसला, ते आता सांगतो. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्याच पावसाळ्यात नातीने रायफलचा हट्ट धरला आणि मी ऑगस्टमध्येच फळी आणली. दुकानातला मुलगा म्हणालासुद्धा, "काका, आता नका कापू बाप्पा, पाणी आहे ह्याच्यात." ज्याने आयुष्यभर लाकडाच्या आकुंचनाचा हिशेब ठेवून नमुने बनवले, त्या माणसाने हे ऐकायला हवे होते. मी ऐकले नाही. रायफलची धातूची यंत्रणा बसवण्याची खोबण इतकी नेमकी कोरली की मधे कागदही सरकत नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला, हवेतला ओलावा नाहीसा झाला, आणि त्याच खोबणीत पोस्टकार्ड सहज जाऊ लागले. स्क्रू ढिले झाले आणि छर्रे रोज नव्या जागी पडू लागले. नात प्रशिक्षकांचे बोलणे खात होती आणि दोष माझा होता.

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, पण आडव्या दिशेने आटते, आणि त्यातही खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जितके आटते त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडच्या दिशेने आटते. म्हणून जिच्या टोकाकडून पाहिल्यावर वर्तुळांच्या रेघा जाडीत उभ्या दिसतात, अशी फळी निवडावी. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे, कारण तेव्हाची हवा पावसाळा आणि उन्हाळा यांच्या मधली असते. जोडफळी आरामशीनवर बाह्यरेषेपेक्षा चार मिलिमीटर सोडून कापून घ्यावी, मग ती घरात पंख्यापासून आणि भिंतीपासून दूर तीन आठवडे नुसती ठेवावी आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. लागोपाठ दोन रविवारी वजन तेच भरले की खोबणीला हात घालावा.

बाह्यरेषा आखताना सर्वांत जास्त विचार मानेचा करावा. घोड्यामागे जिथे हाताची पकड येते, त्या बारीक भागाला मी मान म्हणतो. दस्ता मोडतो तो तिथेच. लाकडाचे रेषे या मानेतून सरळ आरपार गेले पाहिजेत. ते तिरके उतरून मानेच्या खालच्या कडेला बाहेर पडत असतील, तर दस्ता हातातून निसटून फरशीवर पडायचा अवकाश, की तो त्या तिरक्या रेषेवर चिरतो. म्हणून जुना दस्ता पुठ्ठ्यावर ठेवून त्याचा साचा कापावा आणि तो फळीवर फिरवत फिरवत अशी जागा शोधावी की मानेत रेषे समांतर येतील; बाकी भागात ते कसेही गेले तरी चालतात. मानेतून आणि स्क्रूंच्या आसपासच्या जागेतून एक ग्रॅमही लाकूड कमी करू नये.

मग कमी करायचे कुठून? मागच्या पसरट भागातून. बट प्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाला (बटला) लावलेली, खांद्याला टेकणारी पट्टी, काढली की मागचा सपाट छेद दिसतो. त्यात २२ मिलिमीटर व्यासाची, १५ सेंटीमीटर खोल तीन भोके एकाखाली एक पाडली तर १७० घनसेंटीमीटर लाकूड, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम वजन निघते, आणि प्लेट लावल्यावर बाहेरून काहीही दिसत नाही. भोकांच्या भोवती किमान दहा मिलिमीटर भिंत राहू द्यावी आणि प्लेटच्या स्क्रूंची जागा आधी आखावी. मात्र मागून वजन काढले की तोल पुढे सरकतो. म्हणून एकेक भोक पाडल्यावर रायफल जोडून मुलीच्या हातात द्यावी आणि ती काय म्हणते ते ऐकावे. पुढच्या भागात, नळी खाली वाकवून छर्रा भरण्याची रायफल असेल तर, तरफेसाठी आधीच लांब खाच असते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती बारीक असतात. तिथे हात आखडता घ्यावा.

खोबण कोरण्याची रीत अगदी साधी, पण वेळखाऊ आहे. यंत्रणेच्या तळाला तेलात कालवलेले काजळ पुसट लावावे, ती खोबणीत हलके दाबावी आणि उचलावी. जिथे काळा डाग उमटला तेवढेच लाकूड गोल पटाशीने, नखाच्या जाडीइतके, काढावे. मग पुन्हा काजळ, पुन्हा दाब. माझ्याकडून हे सत्तर-ऐंशी वेळा झाले असेल. काळे ठिपके सगळीकडे सारखे उमटू लागले की थांबावे. स्क्रूंच्या भोकांत दहा मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळीचे तुकडे इपॉक्सीने बसवावेत. मग स्क्रूचा दाब धातूवर पडतो, लाकूड चेपत नाही आणि ऋतू बदलला तरी आवळलेपण तेच राहते. पहिल्या दस्त्यात मी या नळ्या बसवल्या नव्हत्या.

वरून जवसाचे तेल द्यावे, पण तेलाच्या घाण्याचे कच्चे नव्हे. ते आठवडेच्या आठवडे चिकट राहते. रंगाच्या दुकानात वाळण्यासाठी प्रक्रिया केलेले, उकळलेले म्हणून मिळते ते घ्यावे, फडक्याने पातळ हात द्यावा आणि एकेक दिवस वाळू देत पाच-सहा हात द्यावेत. खोबणीच्या आत आणि बटच्या भोकांतही तेल पोहोचू द्या, नाहीतर ओलावा तिथूनच शिरेल. तेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात भिजवावे किंवा दोरीवर एकेरी पसरून वाळू द्यावे.

माझा दुसरा दस्ता ९९० ग्रॅम भरला, म्हणजे मूळच्यापेक्षा ४१० ग्रॅम कमी. लांबीबद्दल आपण विचारले नाही, पण मुलीला वजनाइतकाच तिचाही त्रास होत असणार. मुलीने कोपर काटकोनात वाकवावे, बट कोपराच्या खोबणीत टेकवावी आणि बोटाचे पेर घोड्यावर आरामात येते का ते पाहावे. मोठ्यांच्या दस्त्यात बटच्या टोकापासून घोड्यापर्यंतचे हे अंतर साधारण ३४ सेंटीमीटर असते. नातीला ३० लागले. मुले वाढतात, म्हणून दस्ता आखूडच ठेवावा आणि बट प्लेटखाली घालण्यासाठी सहा मिलिमीटर प्लायवुडच्या चार पट्ट्या त्याच आकारात कापून ठेवाव्यात. नातीच्या दस्त्यात सध्या दोन पट्ट्या चढल्या आहेत.